हे चौदा एप्रिलला घे ना

प्रश्न: मी वीस वर्षांची मुलगी आहे. स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घ्यावं का? आणि अमेरिकेतल्या बायका वंशाबद्दल बोलतात तशी आपल्याकडे स्त्रीवादात जात आणलीच पाहिजे का? त्याने बायकांमध्येच फूट नाही का पडत?

उत्तर:

पहिला प्रश्न सोपा आहे. म्हणवून घे, नाहीतर नको घेऊस. घरचे 'डोक्यात वारं शिरलंय' म्हणायचे ते दोन्हीकडून म्हणणारच. मी लिहायला बसले ती तुझ्या शेवटच्या वाक्यामुळे. हा आरोप माझ्यावर झालेला आहे, आणि त्याला तेव्हा उत्तर दिलं नव्हतं.

पुण्यात कॉलेजला असताना आम्हा मुलींचा एक अभ्यासगट होता. वसतिगृहाच्या गच्चीवर बसायचो, वाचायचो, भांडायचो. एका वर्षी ८ मार्चला अभिवाचन करायचं ठरलं आणि एकीने सोजर्नर ट्रुथचं भाषण आणलं. १८५१ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी बायकांच्या हक्कांची परिषद भरली होती, तिथे गुलामीत जन्मलेली ही बाई उठून बोलली. बायकांना गाडीत चढताना हात द्यावा लागतो म्हणता, मला कोणी कधी दिला? मी बाई नाही का? सरावाच्या वेळीच दोघीतिघींचे डोळे भरून आले. माझेही आले. खोटं नव्हतं त्यात काही.

(नंतर कळलं ते असं: 'मी बाई नाही का' ही ओळ १८५१ च्या वर्तमानपत्री वृत्तांतात नाहीच. फ्रान्सेस गेज या गोऱ्या कार्यकर्तीने बारा वर्षांनी, १८६३ साली, ते भाषण पुन्हा लिहून काढलं त्यात ती आली. वर दक्षिणेतल्या गुलामांची म्हणून ओळखली जाणारी बोली तिच्या तोंडी घातली. ट्रुथ न्यूयॉर्क राज्यातली, लहानपणी डच बोलणारी. म्हणजे तिचं म्हणणंही जगापुढे गेलं ते दुसरीच्या हातून.)

मी म्हटलं, याच्या जोडीला मुक्ता साळवे घेऊ. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला, म्हणजे अ‍ॅक्रननंतर चारच वर्षांनी, आणि तिने स्वतः लिहिलेला. त्यात डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आमच्या बायकांचे हाल लिहिलेत. बाळंतपण! याहून बाईचा विषय कुठला असतो? मी वाचून दाखवलं. यावेळी कोणाचे डोळे भरले नाहीत, नुसती चुळबुळ झाली. मग गटाची सूत्रं जिच्याकडे होती ती मैत्रीण अगदी मायेने म्हणाली, "छान आहे गं. पण हे चौदा एप्रिलला घे ना. इथे सगळ्यांना आपलं वाटेल असं हवं."

ओहायो आपलं होतं. पुण्यातल्याच शाळेतली मुलगी परकी होती.

मला वाटतं त्याचं कारण साधं आहे. ओहायोतल्या गुलामीचा हिशेब त्या गच्चीवर कोणालाच द्यायचा नव्हता. रडून मोकळं होता येत होतं. मुक्ता साळवे वाचली की प्रश्न आपापल्या घरापर्यंत येतो: आजीच्या घरी कोणाला कुठपर्यंत आत घेत होते, भांडी वेगळी कोणाची होती. आणि माझ्यापर्यंतही येतो. त्याच गटातल्या एकीने पहिल्या वर्षी आधी आडनाव, मग गाव असं करत करत माझी जात शोधून काढली होती आणि वर शाबासकी दिली होती, "तू वाटत नाहीस हं." रंग, बोलणं, कपडे, सगळं तपासून मला पास केलं होतं तिने.

मी निबंध चौदा एप्रिलला घेतला. खरंच घेतला. सुट्टीत घरी गेले होते, वस्तीत जयंतीचा मांडव होता, मला दहा मिनिटं बोलायला दिली होती. मुक्ता साळवेंवर बोलले, टाळ्या पडल्या. मग तिथूनच पुढे घरातल्या मारहाणीवर आले. आपल्याच गल्लीतली, कोणाचं नाव न घेता. समितीतले एक दादा खालून खुणा करायला लागले आणि मी उतरल्यावर म्हणाले, "ताई, विषय चांगला आहे, पण तो तुमच्या आठ मार्चला घ्या. आज बाबासाहेबांचा दिवस आहे."

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व कायद्याने बंद व्हावं, असे ठराव त्या बायकांनी केले. बाबासाहेबांनी तिथेच सांगितलं की समाजाची प्रगती मी त्यातल्या बायकांच्या प्रगतीवरून मोजतो, आणि मुलींनी नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभं राहावं, गुलाम होऊ नये. तेव्हा ज्याला बाबासाहेबांच्या दिवशी बायकांचा विषय नको वाटतो, त्याने हार कोणाच्या तसबिरीला घातला ते एकदा बघून घ्यावं.

आई अंगणवाडीत आहे. तिला घरी येऊन दोन्ही किस्से सांगितले तर म्हणाली, "दोन्हीकडच्या खुर्च्या मीच लावते. मला तर कोणी इकडे लाव, तिकडे नको असं म्हणत नाही." एवढं बोलून भाकऱ्या थापायला गेली.

आता तुझी अमेरिका. तिकडे हे कोर्टात घडलंय. जनरल मोटर्स कंपनीवर पाच काळ्या बायकांनी दावा लावला. १९६४ पूर्वी कंपनी काळ्या बायकांना जवळपास घेतच नव्हती, आणि पुढे मंदीत कपात झाली ती 'शेवटी आलेला आधी बाहेर' या नियमाने. साहजिकच या बायका बाहेर. १९७६ साली न्यायालयाने काय म्हणावं? बाई म्हणून अन्याय म्हणाल तर कंपनीत आधीपासून बायका आहेत (गोऱ्या). वंशाचा मुद्दा असेल तर त्याच कंपनीविरुद्ध वंशभेदाचा दुसरा खटला चालू आहे, त्यात जा. दोन्ही जोडून तिसरा दावा करता येणार नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. चौदा एप्रिलला घे, आठ मार्चला घ्या! कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये 'इंटरसेक्शनॅलिटी'ची, म्हणजे वंश आणि बाईपण असे अन्याय एकाच बाईवर एकत्र येतात, ते सुटे सुटे करून बघता येत नाहीत या विचाराची, मांडणी केली ती अशाच खटल्यांवरून. म्हणजे जात 'आणायची' का, हा तुझा प्रश्नच मला पटत नाही. ती खोलीत आधीपासून बसलेली असते. कोणाला दिसते, कोणाला दिसत नाही, एवढंच.

आणि फुटीबद्दल. काही वर्षांनी एका लग्नात तीच मैत्रीण भेटली. जेवणाच्या रांगेत हसत हसत म्हणाली, "तू तो विषय काढलास आणि आपला गट फुटला बघ." मागे लोक ताटं घेऊन उभे होते, मी गप्प बसले. आता सांगते. गट परीक्षा संपल्यावर, सगळ्याजणी आपापल्या गावी गेल्यावर संपला. आणि फूट म्हणायचीच असेल तर कोणतं दुःख कोणत्या तारखेला हे ज्यांनी वाटून दिलं, त्यांनी पाडली. १९१३ साली वॉशिंग्टनमध्ये मताधिकाराचा मोर्चा निघाला, तेव्हा दक्षिणेकडच्या गोऱ्या बायका नाराज होतील म्हणून आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार-कार्यकर्तीला मागे चालायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. बघ्यांच्या गर्दीत थांबल्या आणि इलिनॉयच्या बायका समोर आल्यावर त्यांच्यात शिरल्या. मोर्चा मोडला नाही. १९२० साली बायकांना मत मिळालं, पण दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायकांना ते प्रत्यक्षात टाकायला १९६५ चा कायदा यावा लागला. मागे चालायला लावणाऱ्यांना कोणी फूटपाडे म्हटल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

तू कुठल्या घरातली आहेस ते लिहिलं नाहीस. माझ्यासारख्या घरातली असशील तर परवानगीची वाट बघू नकोस, आणि सगळ्यांना फुकट शिकवत बसायचा मक्ताही घेऊ नकोस, त्यात माझी विशी बरीचशी गेली. दुसऱ्या बाजूची असशील तर अपराधी वाटून रडू नकोस, कोणाच्या कामाचं नाही ते. फक्त तारखा ठरवणाऱ्यांत बसू नकोस.

एक राहिलं. वंश आणि जात एकच नाहीत, वरचं वाचून तसा अर्थ काढू नकोस. कातडी लांबून दिसते, जात विचारून काढावी लागते, आणि जातीत पायऱ्या इतक्या की प्रत्येकाच्या खाली कोणीतरी सापडतं, आमच्याही. आणि ती मैत्रीण वाईट नव्हती. मला टायफॉइड झाला तेव्हा रेक्टरशी भांडून माझ्या खोलीत राहिली, रात्र रात्र जागली. ते विसरले नाही, आणि त्यामुळे गच्चीवरचं तिचं वाक्य बरोबरही ठरत नाही. ती हे वाचत असेल तर तिने फोन करावा, पण वाद घालायच्या तयारीने.