जावास्क्रिप्ट बंद आहे, मग जुना पीडीएफ रीडर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: रीडरमधलं जावास्क्रिप्ट (पीडीएफच्या आतले छोटे प्रोग्राम चालवणारी सोय) बंद केलंय, पीडीएफमधल्या लिंकवर क्लिक करत नाही, मग अडोबी रीडरची जुनी आवृत्ती वापरली तर बिघडतं कुठे?

जावास्क्रिप्ट बंदच राहू द्या. डिसेंबर २००९ मध्ये उघड झालेली अडोबी रीडरची त्रुटी हल्लेखोर त्याच वाटेने वापरत होते आणि १२ जानेवारी २०१० ला पॅच, म्हणजे दुरुस्ती, येईपर्यंत हाच उपाय हाताशी होता. पण ती एकच वाट. खरा धोका फाइल वाचण्याच्या कामातच आहे. पीडीएफच्या पोटात फॉन्ट असतात, चित्रं असतात, आणि प्रत्येकाला उलगडणारा वेगळा कोड रीडरमध्ये असतो.

जेबिग-२ घ्या. स्कॅन केलेली काळी-पांढरी पानं लहान करण्याची ही पद्धत. एक अक्षर एकदाच साठवायचं आणि पानभर वापरायचं. अशी किती अक्षरं आहेत हे फाइलच सांगते. रीडरने त्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवला, की त्यांची बेरीज तिच्यासाठी ठेवलेल्या ३२ बिटांच्या जागेत मावत नाही, उलटून लहान होते, मेमरी कमी घेतली जाते आणि उरलेला मजकूर शेजारच्या मेमरीवर लिहिला जातो. २०२१ मध्ये सिटिझन लॅब या कॅनडातल्या संशोधन गटाने उघड केलेल्या आयफोनवरच्या हल्ल्यात नेमकं हेच झालं. नावाला .gif, आत पीडीएफ. मेसेजमधून फाइल आली आणि मालकाने बोटही लावलं नाही. ॲपलने १३ सप्टेंबरला आयओएस १४.८ मध्ये ते भोक बुजवलं.

अडोबी रीडरच्या जेबिग-२ वाचणाऱ्या कोडमध्येही फेब्रुवारी २००९ मध्ये त्रुटी निघाली होती. तिला जावास्क्रिप्टची गरज नव्हती. एक्सप्लोररमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, फाइल नुसती निवडली, तरी माहिती दाखवण्यासाठी रीडरचा एक भाग ती वाचायला घ्यायचा. तेवढंही पुरतं, हे तेव्हा प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं.

म्हणून मला सँडबॉक्स सगळ्यांत मोलाचा वाटतो. म्हणजे फाइल वाचणारा कोड बंदिस्त जागेत चालवायचा, की तो बिघडला तरी बाकीच्या संगणकाला सहज हात लावू शकत नाही. नोव्हेंबर २०१० च्या रीडर १० पासून विंडोजवर तो आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तोही भेदला गेला, पण त्यासाठी हल्लेखोरांना एकाऐवजी दोन त्रुटी शोधाव्या लागल्या. प्रेफरन्सेसमध्ये 'सिक्युरिटी (एन्हान्स्ड)' खाली 'प्रोटेक्टेड मोड' (या सँडबॉक्सचंच रीडरमधलं नाव) चालू आहे का, ते आजच बघा.

नुसतं वाचायचं असेल, तर मी ब्राउझरच सुचवेन. तोही निर्दोष नाही. फायरफॉक्सच्या पीडीएफ वाचकात फॉन्टच्या एका मूल्याची तपासणी राहून गेल्याने परका कोड चालू शकत होता. मे २०२४ मध्ये, आवृत्ती १२६ मध्ये ते दुरुस्त झालं. फरक एवढाच, की ब्राउझरची दुरुस्ती बहुतेक वेळा आपोआप येते.

नवा रीडर घेतलात, तर जुना अनइन्स्टॉल करा. नुसता बाजूला ठेवलात, तर एक्सप्लोररला जोडलेला त्याचा भाग फाइली वाचत राहू शकतो.