मेंदी, भेगा, फवारणी आणि न खाजणारा चट्टा : त्वचेविषयी तुमचे प्रश्न

या वेळी आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. जे काही होतंय ते त्वचेत किती खोलवर होतंय, हे एकदा कळलं की निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

प्रश्न : आजीच्या हातावरचं गोंदण तिच्या लग्नाआधीचं आहे, तरी गेलं नाही. माझी मेंदी मात्र दोन आठवड्यांत जाते. असं का? (नववीतली विद्यार्थिनी, समुद्रपूर तालुका)

फार चांगला प्रश्न विचारलास. वरची ती बाह्यत्वचा, तिच्याखाली अंतस्त्वचा आणि त्याखाली चरबीचा थर, अशी आपल्या त्वचेची रचना असते. बाह्यत्वचा बहुतेक अंगावर मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतकीच जाड असते. तिच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, वाटेत केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरतात आणि मरतात. सगळ्यात वर उरतो तो मेलेल्या पेशींचा पापुद्रा, आणि तो रोज थोडा थोडा झडतो. तळापासून झडेपर्यंतचा हा प्रवास साधारण महिनाभराचा. मेंदीचा रंग या पापुद्र्यातल्या केराटिनला धरतो, म्हणून त्याच्यासोबतच निघून जातो.

गोंदणाची सुई अंतस्त्वचेपर्यंत पोचते. तिथे असं झडणं नाही. काजळीचे कण शरीराच्या रक्षक पेशी गिळून ठेवतात. एक पेशी मेली की तेच कण दुसरी गिळते. आजीचं गोंदण निळसर-हिरवट दिसत असेल, बघ. कण काळेच आहेत, पण इतक्या खोलवरून प्रकाश विखरून परत येतो म्हणून रंग निळा भासतो.

प्रश्न : टाचांना भेगा पडतात, रक्त येतं. सासूबाई बिब्बा भरायला सांगतात. भरू का? (गृहिणी, आर्वी तालुका)

ताई, बिब्बा भरू नका. त्याचं तेल जहाल असतं. काही जणांना त्याने फोड येतात, कातडी काळी पडून सोलते.

तळपायावर घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेलाच्या ग्रंथी अजिबात नसतात. त्यात वरचा मेलेला थर तिथे सगळ्यात जाड. तो कोरडा पडला की ताण सहन करू शकत नाही आणि तडकतो. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे भेगेतून रक्त येतंय, म्हणजे ती अंतस्त्वचेपर्यंत उतरली आहे आणि तिथून जंतूंना वाट मिळू शकते.

रात्री दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, वज्रीने हलक्या हाताने घासा, टिपून घ्या आणि पाय ओलसर असतानाच व्हॅसलिन चोळून मोजे घाला. वावरात अनवाणी जाऊ नका. शुगर असेल तर घासणंही नको, आधी पाय डॉक्टरांना दाखवा. ब्लेडने कातडी कापणं तर कोणीच करू नये.

प्रश्न : कपाशीवर फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधतो. तरी संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळतं. औषध पोटात गेलंच नाही तर त्रास कसा? (शेतकरी, केळापूर तालुका)

दादा, हे उत्तर तुमच्या गावातल्या प्रत्येक फवारणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. औषध कातडीतूनही आत जातं.

वरच्या पापुद्र्यात मेलेल्या पेशी घरावरच्या कवेलूंसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. पाणी या थरातून सहज आत जात नाही. पण फवारणीची बरीच औषधं स्निग्ध पदार्थात विरघळणारी असतात, म्हणून त्यांना याच फटी वाट देतात. खाली अंतस्त्वचेत रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. तिथे पोचलं की औषध अंगभर फिरतं.

सगळीकडची कातडी सारखी अडवत नाही. तळहात बऱ्यापैकी अडवतो. जांघ आणि अंडकोषाची कातडी फारच कमी. आता तुमची फवारणी आठवा. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली, पुढची ओळ ओली, तिच्यातून चालताना पँट मांडीपर्यंत भिजते. पाठीवरचा पंप गळत असेल तर पाण्याचा ओघळ कमरेवरून खाली उतरतो. ऊन आणि घामाने कातडी ओली नि गरम होते, आत शिरणं आणखी सोपं होतं. तेच कपडे संध्याकाळपर्यंत अंगावर. रुमाल यातलं काहीच अडवत नाही, उलट तो भिजला की औषध तोंडाजवळ धरून ठेवतो.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ती माणसं आपल्यातलीच होती. म्हणून डोकेदुखीवर गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप उचलू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

पुढे फवारणी करताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, कमरेपासून खाली प्लास्टिकचा अडसर, रबरी हातमोजे आणि गमबूट वापरा. वाऱ्याच्या उलट चालू नका. गळका पंप दुरुस्त झाल्याशिवाय पाठीवर घेऊ नका. नोझल तोंडाने फुंकू नका. काम झालं की तिथेच कपडे बदला, साबणाने आंघोळ करा आणि ते कपडे घरच्या धुण्यापासून वेगळे धुवा.

घाम सुटणं, लाळ गळणं, उलटी, धूसर दिसणं, दम लागणं यांतलं काही झालं तर कपडे लगेच उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. अंग धुणाऱ्यानेही हातमोजे घालावेत.

प्रश्न : गजकर्णावर मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की खाज थांबते, सोडली की दुप्पट येते. (वाचक, मूर्तिजापूर तालुका)

त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड आहे. बुरशी वरच्या मेलेल्या थरात राहते आणि केराटिनवर जगते. स्टेरॉइड फक्त शरीराची तिच्याविरुद्धची लढाई बंद पाडतं, म्हणून खाज जाते आणि बुरशी पसरते. त्वचाही पातळ होते. जांघेत अंतस्त्वचेचे धागे तुटून जे पट्टे उमटतात ते कायमचे राहतात. ट्यूब आणि कागद घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : पाठीवर फिकट चट्टा आहे. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून दोन वर्षं कोणाला दाखवला नाही. चालेल का? (शेतमजूर महिला, वरोरा तालुका)

मावशी, न दुखणारा चट्टाच लवकर दाखवायचा असतो. स्पर्श, ऊन-थंड आणि वेदना कळवणाऱ्या नसा अंतस्त्वचेत असतात. कुष्ठरोगाचे जंतू त्याच नसांवर बसतात. डोळे मिटून घ्या आणि घरातल्या कोणाला कापसाची वात चट्ट्यावर, मग बाजूच्या कातडीवर टेकवायला सांगा. चट्ट्यावर कळलं नाही, किंवा तिथे घाम येत नसेल, केस विरळ असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. स्पर्श कळला तरी जाच, कारण सुरुवातीला बधिरपणा अगदी पुसट असू शकतो.

फिकट चट्टा म्हणजे कुष्ठरोगच, असं मुळीच नाही. शिबं असतील, कोडाची सुरुवातही असेल. ते तपासूनच कळतं. आणि कुष्ठरोग निघाला तरी सरकारी केंद्रात औषध फुकट मिळतं, 6 किंवा 12 महिन्यांचा कोर्स असतो आणि रोग पूर्ण बरा होतो. औषध सुरू झाल्यावर तुमच्यापासून इतरांना लागण होण्याची भीती लवकरच संपते. बाबा आमट्यांचं आनंदवन तुमच्याच तालुक्यात आहे. या रोगाची लाज बाळगायचं कारण नाही, हे तुमच्या भागाइतकं कोणी पाहिलेलं नाही. उशीर केला तर बोटं वाकडी होऊ शकतात, आणि मेलेली नस औषधाने परत येत नाही. जाताना घरातल्या सगळ्यांना सोबत न्या. निदान झालं तर त्यांचीही तपासणी होते आणि लागण टाळण्यासाठी औषधाची एक मात्रा दिली जाते.