पुसायच्या आधी पाणी

मालवण-कसाल रस्त्याला 27 वर्षं माझी डेंटिंग-पेंटिंगची शेड होती. गुडघे बोलायला लागले तशी ती भाच्याच्या हवाली केली. आता सकाळी खळ्यात बसून तुमची पत्रं वाचतो. या वेळच्या पत्रांतली निम्मी एकाच दुखण्याची होती, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : आमची गडद निळी गाडी दोन वर्षांची आहे. घर वेंगुर्ल्याला, समुद्र हाकेच्या अंतरावर. मी रोज सकाळी सुक्या मऊ फडक्याने गाडी स्वच्छ पुसतो, एक दिवस चुकवत नाही. तरीही उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. रंग हलक्या प्रतीचा असेल का?

रंगाला बोल लावू नका. ते जाळं तुमच्या रोजच्या पुसण्याने विणलंय. राग मानू नका, दहातले आठ गाडीवाले हेच करतात.

आपल्याकडची लाल धूळ म्हणजे जांभ्याचा भुगा. त्यात लोहाचे कण आणि बारीक रेती. रात्री खारा दमट वारा लागला की ती पत्र्याला चिकटून बसते. सकाळी तिच्यावरून सुकं फडकं फिरवलं की फडक्याचा पॉलिश पेपर होतो, मग ते कितीही मऊ असो. गाडीच्या रंगावर सर्वांत वर बिनरंगाचा, काचेसारखा पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. तुमचे ओरखडे त्या थरात आहेत. गंमत अशी की ते गोल नसतातच. सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात आणि डोळ्यांना जाळं दिसतं.

नुसती धूळ असेल तर दोन दिवस तशीच राहू द्या. धुळीने गाडी मरत नाही. आठवड्यातून एकदा धुवा, पण सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी, बोनेटला हात लावल्यावर थंड लागेल तेव्हा. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली. चाकांच्या मडगार्डाआत पाइप घालून तिथला चिखल पाडा. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच परत शाम्पूत. दहा मिनिटांनी दुसऱ्या बादलीच्या तळाशी लाल गाळ बघा. एरवी तो सगळा तुमच्या दारांवर फिरला असता. दारांचा खालचा भाग शेवटी, वेगळ्या फडक्याने. भांड्यांचा साबण नको, तो गाडीवर असलेलं मेण धुऊन काढतो.

शेवटचं पाणी कुठलं, हे आपल्या किनाऱ्यावर फार महत्त्वाचं. खाडीजवळच्या विहिरी मचूळ, बोरिंगचं पाणी जड. ते उन्हात सुकलं की क्षारांचे पांढरे गोल ठिपके उरतात आणि महिनाभर राहिले तर क्लिअर कोटवर वण धरतात. मी पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप ठेवतो. पहिल्या दोन-चार सरींत कौलांवरची घाण वाहून गेली की मग भरतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, शेवटची धार त्याची मारली की डाग धरत नाही. इतर वेळी मोठा टॉवेल पसरून, न घासता, पाणी टिपून घ्यायचं.

पडलेलं जाळं पॉलिश मशीनने जातं, पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोट खरवडून समतल करणं. तो परत वाढत नाही. जाणत्या माणसाकडून एकदा करून घ्या, दर दिवाळीला नको. आणि शंभर-दोनशे रुपयांत ‘चकाचक’ करून देणारा भेटला तर दोन धुण्यांनंतर गाडी पुन्हा बघा. त्याने ओरखडे तेलकट मलमाने बुजवलेले असतात.

प्रश्न : मी देवगडला शिक्षिका आहे. शाळेत सावली एकाच आंब्याच्या कलमाखाली. मोहोराच्या दिवसांत गाडी सगळी चिकट होते आणि पक्ष्यांची शीट वेगळीच.

बाई, चिकटा झाडाचा नाही, तुडतुड्यांचा. ते मोहोरातला रस ओढतात आणि गोड चिकट थेंब टाकतात. पानांवर त्याच थेंबांवर काळी बुरशी चढते, ती तुम्ही पाहिली असेलच. ताजा असताना कोमट पाण्याने सहज सुटतो, आठवडाभर उन्हात भाजला की हट्टाला पेटतो. कैरीच्या देठाचा चीक त्याहून वाईट, तो रंग जाळतो.

शिटेचं म्हणाल तर मी स्वतः केलेलं पाप सांगतो. शेड नवी होती, एका गिऱ्हाइकाच्या काळ्या गाडीवर वाळलेली शीट होती. मी घरून आणलेल्या काथ्याने घासली, आई टोप घासायची तसा. शीट गेली, तिच्याबरोबर वीतभर चकाकीही गेली. अख्खं बोनेट माझ्या खर्चाने रंगवून दिलं. शिटेत आम्ल असतं आणि बियांची कणीही. तेव्हा पाण्यात भिजवलेला कागदी रुमाल तिच्यावर दहा मिनिटं ठेवायचा, मऊ झाली की उचलून घ्यायची. डिकीत पाण्याची बाटली आणि दोन फडकी असू द्या, शाळा सुटल्यावर तिथल्या तिथे. मोहोरावर फवारणी असेल त्या दिवशी मात्र खुशाल उन्हात लावा.

आणखी एक. बोनेट आणि पुढच्या काचेच्या मधल्या खाचेत पानं अन् मोहोर साठतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पावसात पाणी पायाशी येतं. मे संपायच्या आत तिथे हात घालून साफ करा.

प्रश्न : आगळाने, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाने, तांब्याची भांडी लखलखतात. गाडीच्या डागांवर चालेल का?

नाही. आगळात आंबटपणाबरोबर मीठ असतं. सोलकढी करा.

प्रश्न : रात्री पावसात करूळ घाट चढताना समोरून दिवे आले की काचेवर सगळं फुटतं, काही दिसत नाही. वायपर नवे आहेत. काच बदलावी का?

थांबा, काच बदलायची घाई नको. दिवसा काचेवर मगभर पाणी ओता. सगळीकडे सारखा पडदा होऊन ओघळलं तर काच साफ. कुठे थेंब, कुठे पट्टे दिसले तर तेलाचा थर आहे. पुढच्या ट्रकचा धूर, रस्त्यावरचं डांबर-डिझेल आणि गॅरेजवाल्यांनी हौसेने चोळलेलं पॉलिश, सगळं तिथे जमतं. इथे मात्र भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब चालतात, फक्त काचेपुरते. तरी नाही गेलं तर काचेसाठीचं सेरियम ऑक्साइडचं पॉलिश ओल्या कापडाने चोळा. पाण्याचे पांढरे ठिपके असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, पाच मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा.

आतली बाजू विसरू नका. ऊन लागलं की डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकची वाफ काचेवर बसते आणि दिव्यांचे पट्टे पडतात. एका ओलसर मायक्रोफायबरने पुसा, लगेच दुसऱ्या सुक्याने. आत आडवे हात आणि बाहेर उभे मारले, की उरलेली रेघ कुठल्या बाजूची ते कळतं.

वायपर नवे म्हणता, पण सुक्या लाल धुळीवर चालवता का? मग त्या कमानीसारख्या रेघा त्यांच्याच. नख अडकेल इतकी खोल रेघ पॉलिशने जात नाही. ती नेमकी डोळ्यांसमोर असेल तर मग काच बदलायचा विचार करा.

प्रश्न : सिरॅमिक कोटिंग करावं की मेण लावावं?

सिरॅमिक म्हणजे रंगावर चढवायचा कडक पारदर्शक थर. त्याने धुणं सोपं होतं, घाण कमी धरते. दगड लागून टवका उडायचा तो उडतोच आणि मचूळ पाण्याचे डाग त्याच्यावरही पडतात. गाडी उघड्यावर राहते आणि हात राखून खर्च करायचा आहे, तर मी मेणच म्हणेन. डब्यावर कार्नोबा लिहिलेलं असतं, ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. आपल्या पावसात ते दोन महिनेही टिकलं तर नशीब. मी मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा लावतो. हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर आधी क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणाऱ्या मातीसारख्या मऊ वडीने, काढा. क्ले जमिनीवर पडला तर त्याचा मोह सोडा, तो गेला.

प्रश्न : मे महिन्यात मुंबईचे दीर आले होते. त्यांनी आमची गाडी किनाऱ्यावर नेली, चाकं रुतली, भरतीचं पाणी दारापर्यंत आलं. ट्रॅक्टरने ओढून काढली. वरून धुतली, छान दिसते. आणखी काही करावं का?

वहिनी, वरचं सोडा, खालून धुतली का? मीठ हवेतला ओलावा ओढून पत्रा ओला ठेवतं आणि गंज बिनरंगाच्या जागी लागतो. दारांचे खालचे कोपरे, सायलेन्सरचे पट्टे, नंबर प्लेटचे स्क्रू. आजच रॅम्पवर चढवून गोड्या पाण्याने खालून दाबाने धुऊन घ्या आणि आठवड्याने परत. दारांच्या तळाला पाणी निथळायची भोकं असतात, त्यांतली वाळू काडीने काढा. ब्रेक उघडून साफ करून घ्या. आतले गालिचे उचलून बघा, खाली ओल असेल तर ते काढूनच सुकवावे लागतील. मेकॅनिकचं बिल दिरांना पाठवायला हरकत नाही.