विमानांचे फोटो जमवणाऱ्या पोराला

अरे बावा,

तू पाठवलेलं फोल्डर पाहिलं. सुखोई, जग्वार, मिग-२१ सगळं आहे पण खाली नाव काय तर "मस्त फोटो १", "मस्त फोटो २", असं काऊन करतो रे? कुठला, कधीचा, कोणी काढला, तुला कुठून मिळाला, एवढं तरी लिहित जा.

आता बांगलादेशातल्या टांगाईलचंच घे. ११ डिसेंबर १९७१ ला आपली २ पॅरा, म्हणजे पॅराशूटनं उतरणारी पलटण, तिथं उतरली, साधारण सातशे जवान. मग पेपरात आभाळभर पॅराशूटवाला फोटो आला अन् लोकांना वाटलं अख्खी ब्रिगेडच, म्हणजे हजारो जवान उतरले, पण तो फोटो टांगाईलचा नव्हताच, आग्र्याच्या सरावातला जुना फाईल फोटो होता. संरक्षण खात्याचे पीआरओ राममोहन राव यांनी तो दिला होता अन् पुढं त्यांनी स्वतःच तसं सांगितलं. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी फौजेची शरणागती झाली, त्यात या फोटोचा वाटा किती यावर लोक अजून भांडतात. मला तर मजा याची वाटते की फोटोत खोटं काहीच नव्हतं, विमानं आपली, जवान आपले, फक्त जागा अन् तारीख लिहिली नव्हती.

विमानावरच्या नंबरवर पण डोळे मिटून विश्वास ठेवू नको. तुझ्याकडं व्हीपी ९०५ लिहिलेल्या डाकोटाचा, म्हणजे जुन्या वाहतुकीच्या विमानाचा, रंगीत फोटो आहे ना, त्याला तू "१९४७ चं विमान" म्हणून टाकलंय. २७ ऑक्टोबर १९४७ ला १ शीख पलटणीच्या जवानांना श्रीनगरला नेणाऱ्या डाकोटाचा तो नंबर होता हे बरोबर, पण तुझ्या फोटोतलं विमान वेगळं आहे, ब्रिटनमधे दुरुस्त करून २०१८ मधे एअर फोर्सला भेट मिळालेलं, नाव परशुराम, नंबर त्या जुन्याच्या मानासाठी दिलेला. राफेलच्या नंबरातलं आरबी अन् बीएस पण असंच, भदौरिया अन् धनोआ या एअर फोर्सच्या दोघा माजी चीफच्या नावातली अक्षरं आहेत ती.

बरं, सोनेगावच्या एअर फोर्स स्टेशनच्या भिंतीपाशी कॅमेरा घेऊन उभा राहू नको, एअर फोर्सच्या जागेचे फोटो काढायला बंदी आहे, पोलिसांसमोर तुझी हौस-बिस काही चालणार नाही. एअर शो होतो तेव्हा काढ पोटभर.

अन् खरं सांगू का, नागपुरात राहून तुला लांब जायची गरजच नाही. एअर फोर्सची देखभाल-दुरुस्ती बघणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर इथं, त्यामुळे रिटायर होऊन इथंच घर बांधलेले एअरमन गल्लोगल्ली सापडतात. पायलट तर सगळेच शोधतात, तू ग्राउंड क्रूवाल्यांकडं जा, इंजिन फिटर, आर्मामेंटवाले म्हणजे शस्त्रं सांभाळणारे, ज्यांनी त्या विमानाला रोज हात लावला. तर्री-पोह्याची प्लेट समोर ठेव अन् अल्बम काढायला सांग, "युद्धात काय झालं" असं विचारलंस तर ते गप्प बसतील, फोटोवर बोट ठेवून "हा पॅनल काऊन उघडा आहे" असं विचार, मग थांबवता येणार नाही त्यांना.

अल्बममधला फोटो मोबाईलवर घेशील तेव्हा फ्लॅश बंद ठेव, अन् मागची बाजू पण काढ, तिथं पेनानं कायतरी लिहिलेलं असतं.

तुझा काका