पुलाआधीचे वर्ष

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. वर्षभर एकही कार्यक्रम घ्यायचा नाही, एकही ध्वनिमुद्रण करायचे नाही, फोन बंद ठेवून फक्त रियाझ करायचा, असा तुझा बेत आहे आणि त्याच्या समर्थनार्थ तू अमेरिकी जॅझवादक सॉनी रोलिन्स यांचा दाखला दिला आहेस. कीर्तीच्या शिखरावर असताना मंच सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर दोन वर्षे एकट्याने सॅक्सोफोन वाजवणारा माणूस पुढे केला की म्हातारा विरघळेल, असा तुझा अंदाज असावा. म्हातारा विरघळला, हे मान्य करतो. तरीही होकार देण्याआधी मला तुझ्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची आहे.

पुलाची गोष्ट सर्वांना पाठ असते, पण त्या माणसाची पहिली रजा पुलावरची नव्हती. रोलिन्स १९३० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले आणि हार्लेममध्ये वाढले. आईवडील कॅरिबियनमधील व्हर्जिन बेटांकडचे. टेनरवादक कोलमन हॉकिन्स यांच्या नादाने वेड लागून त्यांनी १९४६ च्या सुमारास आल्टो सॅक्सोफोन सोडून त्याहून मोठा, खालच्या सुरांचा टेनर सॅक्सोफोन हाती घेतला आणि १९४९ मध्ये, एकोणीस वर्षांचेही पुरते झालेले नसताना, पियानोवादक बड पॉवेल यांच्याबरोबर त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यानंतर हेरॉइन आले, दरोड्याच्या आरोपाखाली रायकर्स आयलंडचा तुरुंग आला, आणि १९५५ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेऊन ते व्यसनातून बाहेर पडले. बाहेर आल्यावर ते लगेच क्लबात गेले नाहीत, कारण क्लबात जुने सोबती आणि जुना माल दोन्ही वाट पाहत होते. शिकागोमध्ये राहून त्यांनी झाडलोटीसारखी अंगमेहनतीची कामे केली आणि उरलेल्या वेळात वाजवले. या रजेवर कुणी कौतुकाचे लेख लिहिले नाहीत, कारण तिच्यात पूल नाही, नदी नाही, रात्रीचे दिवे नाहीत. माझ्या मते मात्र त्यांच्या दोन्ही प्रसिद्ध रजांपेक्षा ही अवघड होती.

त्या वर्षाच्या अखेरीस ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या संचात, त्यांना जागा मिळाली, आणि मग १९५६ हे वर्ष उजाडले. या एका वर्षात रोलिन्स यांनी स्वतःच्या नावाने सहा तबकड्या भरण्याइतके ध्वनिमुद्रण केले. तू आजवर तीन बंदिशी मुद्रित केल्या आहेस आणि तुला थकवा आला आहे. हे टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. स्टुडिओत दुसऱ्यांच्या स्वरलिप्यांवर आयुष्यभर फुंकलेल्या माणसाला तो थकवा चांगलाच ठाऊक आहे. पण ज्याने भांडे काठोकाठ भरले, त्याने ते काही काळ बाजूला ठेवणे वेगळे, आणि अर्धे भरलेले भांडे फडताळात ठेवून देणे वेगळे.

मे महिन्यात ‘टेनर मॅडनेस’ झाले. त्याच्या शीर्षकाच्या रचनेत रोलिन्स आणि जॉन कोलट्रेन हे दोन टेनर समोरासमोर आहेत; दोघांचे एकत्र असे हे एकच मुद्रण आपल्याकडे आहे. २२ जून रोजी न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात, कारण त्यांचा स्टुडिओ तेव्हा तिथेच होता, ‘सॅक्सोफोन कोलोसस’ मुद्रित झाले. टॉमी फ्लॅनगन पियानोवर, डग वॉटकिन्स बास या खर्जाच्या तंतुवाद्यावर, मॅक्स रोच ड्रमवर. रचना फक्त पाच आणि एकूण वेळ सुमारे चाळीस मिनिटे. चारच दिवसांनी, २६ जूनला, क्लिफर्ड ब्राउन आणि पंचकाचे पियानोवादक रिची पॉवेल मोटार अपघातात गेले. ब्राउन तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. ती तबकडी ऐकताना हे लक्षात असू दे. तिच्यातला आनंद कसा अगदी थोडक्यात हाती लागला होता, ते त्यामुळे कळते.

आता तुझ्या कामाचे. त्या तबकडीतले ‘सेंट थॉमस’ सगळे ऐकतात आणि तूही शंभरदा ऐकले असशील, कारण त्यातली कॅरिबियन चाल कुणालाही डोलायला लावते. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली ती चाल. पण तू ते डोलण्यासाठी ऐकतेस. पुढच्या वेळी एकल वादन सुरू होते तिथे थांब. रोलिन्स दोन सुरांचा एक तुकडा घेतात, टाकतात, पुन्हा उचलतात, थोडा आधी, थोडा नंतर, थोडा मोडून. दोनच सूर, आणि बराच वेळ तेवढेच. आपल्याकडचा जाणता गवय्या मुखडा धरून बढत करताना तो तुकडा नवनव्या ठिकाणाहून उचलतो, पण समेला येताना ओळख पटवून देतो, तसेच काहीसे हे आहे. त्यानंतर शेवटची रचना, ‘ब्लू सेव्हन’, ऐक. ती सुरू होते ती एकट्या बासने. मग टेनर येतो आणि तीन-चार सुरांतून एक प्रश्न टाकतो, ज्याचा मूळ स्वर नेमका कोणता, याचा अंदाज कानाला चटकन येत नाही. पुढची अकरा मिनिटे त्याच प्रश्नाभोवती फिरतात. मॅक्स रोच यांचे ड्रमवरचे एकल वादनसुद्धा त्याच विचाराच्या धाग्याने चालते. एरवी ब्लूजमध्ये, म्हणजे एकच ठरावीक आवर्तन पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या या प्रकारात, वादक एका आवर्तनात एक गोष्ट सांगतो आणि पुढच्यात दुसरीच; इथे मात्र अकरा मिनिटांनंतर मागे वळून पाहिले, तर एकच गोष्ट सांगितली गेलेली असते.

संगीतकार आणि समीक्षक गंथर शुलर यांनी १९५८ मध्ये नेमका याच वादनावर एक विस्तृत लेख लिहून, रोलिन्स सूत्र धरून उत्स्फूर्त वादन कसे बांधतात, हे सप्रमाण दाखवले. लेख अभ्यासपूर्ण होता आणि आजही वाचण्यासारखा आहे. पण रोलिन्स त्यामुळे अवघडले. आपण जे न ठरवता करत होतो ते आता ठरवून करायचे की काय, असा पेच त्यांना पडला, आणि स्वतःवरचे लेखन वाचणे नको, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. तुझ्या चित्रफितींखालचे अभिप्राय तू रात्री झोपण्याआधी वाचतेस, हे तूच मागे सांगितले होतेस. स्तुतीनेही हात बांधले जातात, एवढेच इथे नोंदवून पुढे जातो.

१९५७ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी ‘वे आउट वेस्ट’ केले, तेही पहाटे तीनच्या सुमारास, कारण बासवरचे रे ब्राउन आणि ड्रमवरचे शेली मॅन यांना दिवसा सवड नव्हती. इथे पियानो काढून टाकला आहे. पियानो असला की स्वरमेळाचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, पाट मांडलेला असतो आणि वाजवणाऱ्याला त्यावरच बसावे लागते. तो काढला की स्वरमेळ वादकाला आपल्या एकेरी ओळीतून सुचवावा लागतो, आणि हवे तेव्हा त्यापासून दूरही जाता येते. स्वातंत्र्य वाढते आणि लपायची जागा नाहीशी होते. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात झालेले मुद्रण याच मांडणीचे आहे. रात्रीच्या वादनात विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स साथीला आहेत. माझ्यावर एकच तबकडी ठेवायची वेळ आली, तर ‘कोलोसस’ बाजूला सारून मी ही ठेवीन. तुझे मत निराळे होईल, होऊ दे.

१९५८ चे ‘फ्रीडम स्वीट’ एकोणीस मिनिटांचे, तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारे. नावलौकिक होऊनही केवळ कृष्णवर्णीय म्हणून न्यूयॉर्कमध्ये भाड्याने घर मिळताना आलेला अनुभव त्यामागे होता, आणि अमेरिकी संस्कृती ज्यांच्यावर उभी आहे त्यांनाच अमानुष वागणूक मिळते, अशा आशयाचे चार शब्द त्यांनी वेष्टनावर लिहिले. कंपनीने पुढे ती तबकडी दुसऱ्या बाजूच्या एका निरुपद्रवी गाण्याचे नाव देऊन पुन्हा बाजारात आणली. यावर मी भाष्य करत नाही.

एवढे सगळे मागे टाकून, १९५९ च्या उन्हाळ्यात, ते पुलावर गेले. घर ग्रँड स्ट्रीटवर होते, शेजारी एक बाई गरोदर होती आणि टेनरचा आवाज भिंतीतून जातो. पुलावरच्या पादचारी मार्गावर आगगाड्या, मोटारी आणि खालच्या बोटींचे भोंगे यांच्या आवाजात कितीही जोराने फुंकले तरी कुणाची झोप मोडत नव्हती. म्हणजे हिमालयात जाण्यासारखे काही नव्हते, रियाझाला जागा हवी होती. उन्हाळा-हिवाळा, कधी दिवसाला पंधरा-सोळा तास, असा तो क्रम १९६१ च्या शरद ऋतूपर्यंत चालला. त्या काळात बाहेर काय चालले होते, तेही पाहा. स्वरमेळाची चौकट झुगारणारे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कला येऊन दाखल झाले होते आणि शहर दुभंगले होते. कोलट्रेन यांचे ‘जायंट स्टेप्स’ बाजारात आले होते. आपण मागे पडू, ही तुझी भीती त्यांनाही असणारच. तरी ते पुलावरून उतरले नाहीत. एवढ्या बाबतीत तुझा दाखला बरोबर आहे.

परतल्यावर १९६२ मध्ये ‘द ब्रिज’ आले. साथीला पियानोऐवजी जिम हॉल यांची गिटार होती. लोकांना क्रांती हवी होती आणि मिळाले ते आधीचेच वादन, अधिक सखोल, अधिक मोकळे. अनेकांची निराशा झाली. मला ती तबकडी फार आवडते. पण वर्षभराने परतशील तेव्हा ‘वेगळे काय झाले?’ असे विचारणारे तुलाही भेटतील, आणि दाखवण्यासारखे काही नसेल. त्याची तयारी आहे का? तुझ्या पत्रात या प्रश्नाचा मागमूस नाही.

हॉकिन्स यांच्याबद्दलही एक गोष्ट आहे. १९६३ मध्ये, ज्यांच्यामुळे टेनर हाती घेतला त्यांच्याच शेजारी उभे राहून रोलिन्स यांनी एक तबकडी केली. आदल्या वर्षीच त्यांना भक्तिभावाने पत्र लिहिलेला हा माणूस तिथे मात्र वाकडे, तिरके, किंचाळणारे सूर लावतो. मला पहिल्यांदा तो उद्धटपणा वाटला होता. नंतर उमगले, की गुरूसमोर गुरूसारखे वाजवले असते तर ती केवळ नक्कल ठरली असती. माझ्यासमोर वाजवताना तू माझी मींड काढतेस, ती बंद कर.

दुसरी दीर्घ रजा १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि तिचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. त्या काळात रोलिन्स मुंबईला येऊन पवईच्या आश्रमात स्वामी चिन्मयानंदांकडे काही महिने राहिले. योग आणि वेदान्त शिकले. ध्यानाला बसले की चित्त एकाग्र होत नाही, अशी तक्रार त्यांनी स्वामींकडे केली, तेव्हा तू वाजवतोस तेच तुझे ध्यान आहे, असे उत्तर त्यांना मिळाले, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे. म्हणजे जो वाजवणे थांबवून उत्तर शोधायला आला, त्याला वाद्याकडेच परत धाडले गेले. १९७२ मध्ये ते ‘नेक्स्ट आल्बम’ घेऊन परतले आणि पुढे चाळीस वर्षे मंचावर होते.

त्या चाळीस वर्षांतल्या स्टुडिओतल्या तबकड्या मी तुला आग्रहाने ऐकायला सांगणार नाही. स्टुडिओत त्यांना मोकळे वाटत नसे आणि ते ऐकू येते. त्यांचे खरे वादन मैफलीत होत असे, म्हणून १९८५ चे, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत एकट्याने केलेले वादन ऐक, आणि १५ सप्टेंबर २००१ ची बॉस्टनची मैफल ऐक. जुळे मनोरे कोसळले तेव्हा त्यांचे घर जवळच, एकोणचाळिसाव्या मजल्यावर होते. दुसऱ्या दिवशी त्यांना सॅक्सोफोन घेऊन जिना उतरवून बाहेर काढण्यात आले. मैफल रद्द करावी असे त्यांना वाटत होते. पत्नी ल्यूसिल यांनी आग्रह केला आणि ते वाजवायला गेले.

तर तुझ्या बेताबद्दल. वर्षभराला मी होकार देत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत दे. घेतलेले दोन कार्यक्रम मात्र पार पाड, कारण साथीदारांनी त्या तारखा तुझ्यासाठी राखून ठेवल्या आहेत. रियाझाला तुझ्या सोसायटीत अडचण होते हे मला ठाऊक आहे. माझ्या घराची मागची खोली सकाळी सहा ते दहा रिकामी असते आणि शेजारचे काका बहिरे आहेत. येताना ‘ब्लू सेव्हन’मधला तो सुरुवातीचा प्रश्न कागदावर न उतरवता कानाने बसवून ये, आणि अडीच नंबरच्या रीडची एक पेटी माझ्यासाठी आण, इथल्या दुकानात संपल्या आहेत.

तुझा,
एक जुना फुंकणारा