गावातल्या लोकांना ‘सहभागी’च्या तक्त्यात टाकू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कोलाम पोडावरचे (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचे) वीसेक जण ढेमसा म्हणजे त्यांचा पारंपरिक नाच करणार, पुण्याहून चार शिकलेले नर्तक येणार, दोघांचा मिळून पाऊण तासाचा एकच कार्यक्रम, आणि अनुदानाच्या अर्जात दोन तक्ते आहेत, एक ‘कलाकार’ आणि एक ‘सहभागी’, तर पोडावरचे लोक कोणत्या तक्त्यात टाकू असं तुम्ही विचारलं. स्टेज, साऊंड, पोलीस परवानगी यावर वरती लोकांनी भरपूर सांगितलं आहे, त्यात मी पडत नाही, ते होऊन जाते. पण तक्त्याबद्दल सगळे म्हणून राहिले की ‘काहीही टाका, फॉर्म आहे तो’. नाही ताई. काहीही टाकू नका. माझं वाटोळं तिथेच झालं होतं.

आधीच सांगतो, मी काही नृत्यातला नाही आणि नियमातलाही नाही. ब्रम्हपुरीकडचा आहे, गावात दुकान आहे, हौस म्हणून हे अंगावर घेतो. तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात पद्धत वेगळी असू शकते, म्हणून माझं ऐकून थेट सही करू नका, आधी विचारा.

२०२२ च्या मंडईची गोष्ट. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरते ती जत्रा, रात्री नाटक असते. आमच्या गावात दंडार आहे, म्हणजे गाणं-वाजवणं-नाचणं करणारी लोककलेची मंडळी, जुनी, अकरा जणांची. ढोलकी, चोनका, टाळ, मागे झील धरणारे (गाणाऱ्याच्या मागून ओळ धरणारे), आणि लुगडं नेसून नाचणारे दोन बाप्ये. नागपूरच्या एका ग्रुपमधले तीन नर्तक आणि त्यांची कोरिओग्राफर बाई माझ्या ओळखीची होती. कल्पना अशी की दंडारीची पावलं आणि यांचं नृत्य एकत्र बसवायचं, भाऊबीज झाल्यावर मंडईच्या रात्री करायचं, नाटकाच्या आधी. सगळ्यांना पटलं. दंडारवाले तर पहिल्या बैठकीत चहा प्यायच्या आधीच वाजवायला बसले.

मग अर्ज. जिल्ह्याच्या ठिकाणचं एक कार्यालय, नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आमच्या गावापासून बरंच लांब. पाच चकरा झाल्या. पहिल्या वेळी साहेब मीटिंगमध्ये, दुसऱ्या वेळी फॉर्म बदलला होता, तिसऱ्या वेळी टेबलावरचा माणूस सुटीवर. चौथ्या वेळी तो माणूस भेटला आणि त्याने माझी यादी बघून पेनाने अकरा नावांवर एक उभी रेघ मारली. म्हणाला, हे कलाकार नाहीत. मी म्हटलं, कसे नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या दंडार करून राहिले. तो म्हणाला, कागद आहे का? प्रमाणपत्र, कात्रण, कोण्या संस्थेचं पत्र? नसेल तर ‘सहभागी’त टाका, सहभागींना मानधन लागू नाही, चहा-नाश्ता दाखवा. नागपूरवाल्या चौघांजवळ प्रमाणपत्रांची फाईलच होती, ते झाले कलाकार.

आणि मी पाचव्या चकरीत तसा फॉर्म भरून दिला. इथे मी त्या माणसाला जेवढ्या शिव्या देतो त्याच्या दुप्पट स्वतःला देतो. मी म्हटलं कागदावर काय आहे ते कोण पाहते, पैसे तर येऊ दे. पुढच्या वर्षी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयाचा, तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, आणि त्यात अशी अट कुठेच नव्हती! स्थानिक कलाकारासाठी ग्रामपंचायतीचा दाखला चालला असता. म्हणजे तो नियम त्या टेबलावरचा होता, सरकारचा नाही. म्हणून ताई, कोणी ‘चालत नाही’ म्हटलं की हात जोडून एवढंच म्हणा, साहेब, हे लिहून द्या. अर्ध्या वेळा तिथेच चालायला लागते.

पण कागदावर काय आहे ते कोण पाहते म्हणणारा मी, तीच यादी फ्लेक्सवाल्याला पाठवली. वडश्याला छापायला दिला, दहा बाय आठचा. वरती चार नागपूरकरांचे फोटो, नावं, खाली ‘व इतर सहभागी’. मी प्रूफ मोबाईलवर बघितलं, दुकानात गिऱ्हाईक होतं, अंगठा दाखवून ओके केलं. सरपंचाचा फोटो आहे न, उपसरपंचाचा आहे न, एवढंच तपासलं. त्यांचा राहिला असता तर मला गावात राहू दिलं नसतं.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी फ्लेक्स चौकात लागला. संध्याकाळी मी दुकान बंद करून राहिलो होतो तर ढोलकीवाले मामाजी फ्लेक्ससमोर उभे. सत्तरीला आलेला माणूस. वाचता येते, पण बोट ठेवून वाचतात. फ्लेक्स उंच होता म्हणून काठी वर करून एकेका नावाखालून नेत होते. शेवटपर्यंत गेले, परत वरून सुरू केलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘याच्यात मी कोनता जी?’

मला काही बोलताच आलं नाही. मी म्हटलं, मामाजी, ते खाली आहे न, सहभागी. ते बरं म्हणाले आणि गेले. भांडण नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात तालमीला ढोलकी नाही. चोनका नाही. झील धरणारे नाही. नागपूरची पोरं अंग ताणून, घुंगरू बांधून बसली. मी गाडी काढून मामाजींच्या बांधीवर (धानाच्या शेतात) गेलो, ते धानाचे भारे बांधून राहिले होते, सगळे तिथेच होते, एकमेकांच्या बांधीत. मी खूप बोललो, कार्यालयाचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. मामाजी ऐकून घेतल्यावर म्हणाले, ‘आमी त इतर आहोत न जी. मंग इतर कामं पायतो.’

त्यात पैशाचाही भाग होता, तो मला बांधीवर गेल्यावर कळला. नागपूरच्या प्रत्येकाला सहा हजार, हे गावात कसं तरी फुटलंच होतं. कापणी-बांधणीच्या दिवसांत बाप्या माणसाची मजुरी साडेतीनशे होती आमच्याकडे, आणि मी दुपारी तीनची तालीम ठेवली होती कारण नागपूरवाल्यांना रात्री गारठ्यात जमत नव्हतं. म्हणजे हे अकरा जण रोज अर्धी मजुरी टाकून येऊन राहिले होते, बारा दिवस, आणि शेवटी त्यांना काय, तर शाल, नारळ आणि आलूभात. कोणी तोंडातून काढलं नाही. नाव असतं तर बहुतेक तेही चालवून घेतलं असतं, असं मला वाटते. माझा अंदाज आहे, चूकही असेल.

कार्यक्रम झाला. कसा झाला ते सांगतो. कोरिओग्राफर बाईने मला विचारलं, तालमीचं रेकॉर्डिंग आहे का, माझ्या मोबाईलमध्ये होतं, तेच स्पीकरवर लावलं. त्यात मामाजींची ढोलकी छान वाजत होती आणि मधेच माझाच आवाज, ‘थांबा थांबा जी, गाय आली’. हजार माणूस हसलं. तालमीत त्या वेळी शाळेच्या अंगणात गाय शिरली होती. पोरांनी नाच सोडला नाही, त्यांचं कौतुक आहे, पण रेकॉर्डिंगमध्ये ढोलकी बंद पडली तर नाचायचं कशावर? झील नाही, पाऊल कधी बदलायचं ते कळेना. मंडईच्या दिवसांत आजूबाजूला दर गावात नाटक. अर्धे लोक उठून शेजारच्या गावच्या नाटकाला गेले. मी पण गेलो असतो.

आता खरं दुखणं. दोन वर्षांनी मामाजींच्या मुलाने त्यांच्यासाठी ज्येष्ठ कलावंत मानधनाचा अर्ज करायचं ठरवलं. ती राज्य सरकारची योजना आहे, ५० च्या वर वय लागते, महिन्याला मानधन मिळते, आणि कलेत इतकी वर्षं काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. मुलगा माझ्याकडे आला, भाऊ, मंडईच्या कार्यक्रमाचा एखादा कागद आहे का बाबाच्या नावाचा? मी सगळं कपाट उपसलं. फ्लेक्सचा फोटो होता. पत्रिका होती. पेपरातलं कात्रणपण होतं, चार इंच, फोटोसकट, बातमीदाराने माझ्याच पत्रिकेवरून उतरवलेलं. तिन्हीत ‘इतर’. त्या टेबलावरच्या माणसाने कागद मागितला होता, तो कागद छापणारा माणूस मीच होतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वीसच्या वीस जण ‘कलाकार’ तक्त्यात. ग्रामपंचायतीचा दाखला एकेकाच्या नावाने घ्या, एकत्र यादीवर शिक्का मारून घेऊ नका, वेगवेगळा कागद असला की तो माणूस घरी ठेवतो आणि पुढे कामी येतो. पत्रिकेवर, फ्लेक्सवर सगळी नावं सारख्या अक्षरात, अआइई लावून. फ्लेक्स मोठा होते, होऊ दे. नेत्यांचे फोटो कमी करा (हे मी लिहून राहिलो पण आम्हालाही अजून जमलं नाही). छापायच्या आधी प्रूफ पोडावर न्या आणि मोठ्याने वाचून दाखवा. आधार कार्डावर एक नाव आणि बोलायचं दुसरं असं पुष्कळांचं असते, पुराव्याला आधारवालं लागते, म्हणून ते छापा आणि पुढे बोलायचं नाव टाका.

पैशाचं म्हणाल तर पुण्याच्या आणि पोडावरच्या माणसाला सारखंच द्या असं मी म्हणत नाही, काही जण म्हणतील, त्यांचं त्यांना. त्यांचा प्रवास आहे, तो धंदा आहे. पण तालमीचा खाडा भरून द्या, आणि रोजच्या रोज द्या. तुमच्याकडे कापूस वेचणी असेल, ती किलोवर असते, म्हणजे दुपारची तालीम ठेवली तर सरळ पैसे बुडतात. रात्री ठेवा, बायांचा स्वयंपाक झाल्यावर, आणि पुण्यावाल्यांना स्वेटर आणायला सांगा. मी २०२३ ला अनुदान न घेता वर्गणीतून केलं, खाड्याचे पैसे आधी बाजूला काढले, नागपूरहून चौघांऐवजी दोघं बोलावले. मामाजी आले. लगेच नाही आले, तिसऱ्या दिवशी आले, ढोलकी न घेता, बसून बघितलं, चौथ्या दिवशी घेऊन आले.

तेव्हा अजून एक गोष्ट उलटी केली. पहिल्या वर्षी कोरिओग्राफर बाई ‘फाइव्ह सिक्स सेव्हन एट’ करून दंडारवाल्यांना शिकवत होती आणि ते बिचारे बोटं मोजत होते. दंडारीत पाऊल झील पडल्यावर बदलते, आठ मोजून नाही, आणि झील किती लांबेल ते गाणाऱ्याच्या मनावर. दुसऱ्या वर्षी पहिले चार दिवस नागपूरवाल्यांनी फक्त मागे उभं राहून झील धरायची, नाचायचं नाही, असं ठरवलं. पाचव्या दिवशी पाय आपोआप पडायला लागले. ढेमशात तुमच्याकडे कसं असते ते मला नाही सांगता येणार, वाजवणाऱ्यांनाच विचारा. पण मी जो बघितला तो गोल धरून होता, आणि गोल नाचाला स्टेजवर चढवलं की अर्ध्या लोकांची पाठच दिसते. मैदानात करा, लोकांना चारी बाजूंनी बसवा, पुण्यावाले उतरतील खाली, काही बिघडत नाही.

स्टेज केलंच तर प्लायवूडवर रात्री दंव पडते, नऊनंतर हात फिरवून बघा, ओला लागते. आमचा एक नाच्या आपटला होता. जाड दरी टाकू नका, अंगठा अडकतो. फडकी ठेवा आणि दोन पोरं पुसायला ठेवा. लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद असा नियम आहे. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट असते, त्याची यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते, तुमची तारीख त्यात आहे का ते आताच बघा, नाहीतर साडेआठलाच सुरू करा आणि भाषणं शेवटी ठेवा म्हणजे ती आपोआप उडतात.

आणि व्हिडिओ. बाहेरचे नर्तक रील टाकतात, त्यांचं चुकत नाही, पण खाली नुसतं ‘ट्रायबल डान्स’ लिहून सोडतात. आधीच बोलून घ्या की पोडाचं नाव आणि वाजवणाऱ्यांची नावं लिहायची. पोडावरच्यांना व्हिडिओच नको असेल तर तेही विचारा, मी विचारलं नव्हतं.

तुमच्या पोस्टमध्ये नाचणारे वीस लिहिले, वाजवणारे त्यात धरले की वेगळे ते कळलं नाही. वेगळे असतील तर आधी त्यांची नावं लिहून घ्या. दाखल्याचा नमुना माझ्याकडे आहे, ग्रामसेवकाने दिलेला, नावं झाकून फोटो टाकतो रात्री दुकान बंद केल्यावर.