ओढ्यातल्या दगडाखाली तीन शेपट्यांची चपटी अळी सापडली. मेफ्लाय या उडणाऱ्या कीटकाची असेल का? कूळ कसं ओळखायचं?

पायाला एकच नखी आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले दिसत असतील तर ती मेफ्लायचीच, आणि अंग चपटं, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतील तर कूळ बहुधा हेप्टाजेनिडी. घोटाळा होतो तो स्टोनफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या अळीशी. पण तिला शेपट्या दोन, प्रत्येक पायाला नख्या दोन, आणि पोटाच्या कडेला अशी पानांची रांग नसते.

कुळासाठी शेपट्या मोजत बसू नका, कल्ले बघा. दहापट भिंग पुरतं:

- पान आणि त्याच्या बुडाशी धाग्यांचा झुबका: हेप्टाजेनिडी
- कल्ले दुभंगलेले, टोकदार: बहुतेक लेप्टोफ्लेबिडी
- दुसरी जोडी चौकोनी झाकणासारखी, बाकीचे कल्ले तिच्याखाली: केनिडी
- साधी गोलसर पानं, अंग सडपातळ, माशासारखी सुळकन पोहते: बीटिडी

शेपट्यांवर विसंबू नका, कारण हेप्टाजेनिडीतल्याच एपिओरस या प्रजातीला दोनच असतात, शिवाय पकडताना त्या हमखास तुटतात. (कल्लेही गळतात, म्हणून चिमट्याऐवजी मऊ ब्रश वापरा.) अळी दोन-तीन मिलिमीटरचीच असेल तर मात्र कुळाचं नाव ठामपणे लिहू नका, त्या वयात कल्ले पुरते वाढलेले नसतात.